बाहेरचा डोळा

तिसऱ्या मजल्यावरून माझ्या वाळत्या चादरींवर
सहा वर्षं तांबडं पाणी ठिबकलं.
मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, सोसायटीकडे एक अर्ज,
आणि एकदा जिन्यात आवाज चढवून
जे बोलायचं ते बोलले.
निवृत्ती खैरे मान हलवत राहिले.
खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस,
वरच्या पट्टीतलं त्यांना काही ऐकूच येत नसे.

दसऱ्यानंतर त्यांच्या मोतीबिंदूचं झालं.
महिनाभर वाकायचं नाही, डॉक्टरांनी बजावलेलं,
आणि गुलाबाची छाटणी नेमकी त्याच पंधरवड्यात,
पाऊस गेलेला, थंडी कात्रजच्या घाटापलीकडे कुठेतरी.
त्यांनी मुलीला नाही, माळ्याला नाही,
मला हाक मारली. गॅलरीतून, खाली वाकून.
म्हणजे वाकलेच की.

"तुमचा हात तापट आहे," म्हणाले,
"छाटणीला असाच लागतो."

एकवीस कुंड्या. त्यांत चार रंगाचे डबे,
एक बूड गेलेला कुकर.
मार्केट यार्डातून आणलेली नीमपेंड, हाडांची पूड,
त्या वासात काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेले खैरे.
"डोळा शोधा. आत बघणारा नको, बाहेर बघणारा.
त्याच्या वर पाव इंच. काप तिरका.
उतार डोळ्याच्या उलट्या अंगाला,
पाणी त्याच्यावरून जायला नको."

मला डोळा दिसेना.
बँकेत एवढी वर्षं खोट्या सह्या ओळखल्या मी,
आणि इथे काडीवर नुसते काटे.
मग एका पानाच्या बेचक्यात
लाल तिळाएवढं काहीतरी, बंद,
आणि एकदा तो दिसल्यावर
सगळी गॅलरी माझ्याकडे बघायला लागली.

कात्री चालली की ते कान द्यायचे.
"कोरडी वाजली. मेलीय. अजून खाली घ्या."
"हां, ही ओली."
सहा वर्षं माझं एक वाक्य न ऐकलेला माणूस
काडीतला ओलावा ऐकत होता.
ग्लॅडिएटर गुडघ्याएवढा केला, डबल डिलाइट त्याहून कमी.
माझ्या मनगटावर ओरखडे,
खाली माझ्याच दोरीवर माझ्याच चादरी,
आणि त्यांवर मीच पाडलेली पानं.

शेवटच्या कुंडीत जोडाच्या खालून
एक फांदी सरळ वर गेलेली, कोवळी, उद्धट.
"पानं मोजा," ते म्हणाले.
"देठाला पाच, तर आपली.
सात, तर खालच्या रानटी खुंटाची.
मुळाशी धरून उपटून काढा,
नाहीतर भरलेल्या डोळ्याचं सगळं तीच खाते."

मी मोजली. सात.
पुन्हा मोजली.
"पाच," म्हटलं.
का म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही.
ते थोडा वेळ गप्प राहिले.
मग म्हणाले, "गुरुवारी पाणी नाही येणार.
बुधवारी संध्याकाळी बादल्या भरायला याल का?"

चष्मा उतरला, नाताळात फुलं आली.
माझ्या चादरींवर पाणी पडतच होतं
आणि मला त्यात पेंड ओळखू यायला लागली होती.
त्या फांदीबद्दल मी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

माघ संपता संपता एका सकाळी दाराशी
पाच लिटरचा रंगाचा डबा, आत वीतभर काडी,
काडीला दोन नवी पानं.
खाली चिठ्ठी, मोजपट्टीने आखल्यासारखं अक्षर:
"रानटी आहे. तुम्ही पाच म्हणालात.
पाणी बेताने. खाली ताटली ठेवावी. नि. खैरे."

घरात एक ताटली होती, ती चिरलेली निघाली.
नवी आणायची राहिली आहे.
डबा कठड्यावर ठेवला, उन्हाकडे तोंड करून,
एक तांब्या पाणी घातलं, थोडं जास्तच झालं,
आणि मग वाकून बघितलं.
पहिल्या मजल्यावर सोनटक्क्यांच्या चादरी,
पांढऱ्या, कालच धुतलेल्या.